बहिणीची साक्ष

गुन्हेगारी कथा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो गुप्तहेर. बेकर स्ट्रीटवरचा शेरलॉक होम्स काय किंवा बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार काय, शहराच्या काळोख्या गल्लीतून सत्य ओढून बाहेर काढणारा हा एकटा, बुद्धिमान पुरुष म्हणजेच रहस्यकथा, अशी आपली समजूत असते. (अर्नाळकर या टोपणनावात आमच्या वसईच्या अर्नाळ्याचे नाव आहे, याचा आम्हांला जो थोडासा अभिमान वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा.) परंतु या साहित्यप्रकाराच्या उगमाकडे मागे मागे चालत गेले, तर गुप्तहेराच्या आधी तेथे दुसरेच कोणी उभे असलेले दिसते. एडगर अ‍ॅलन पोचा द्युपँ 1841 साली अवतरला; लंडनच्या पोलिसांची गुप्तहेर शाखा 1842 मधली; आणि ते पोलीस दलही 1829 सालचे. त्याच्याही अगोदर, 1818 साली, एका कादंबरीतील एक तरुणी खुनाच्या आरोपातून एका जिवाला सोडवण्यासाठी एडिंबरोहून लंडनला निघाली होती. तिच्यापाशी ना भिंग होते, ना पिस्तूल. ती आरोपीची बहीण होती.

ती कादंबरी म्हणजे सर वॉल्टर स्कॉट यांची ‘द हार्ट ऑफ मिडलोथियन’. आपल्याकडे स्कॉटचे नाव निघते ते बहुधा ऐतिहासिक कादंबरीच्या संदर्भात आणि हरिभाऊ आपट्यांच्या जोडीने. पण किल्ले, ढालतलवारी आणि राजपुत्र बाजूला सारून स्कॉटने या पुस्तकात एका गवळ्याच्या दोन मुलींना मध्यभागी आणले, आणि एक प्रश्न विचारला: रक्ताच्या माणसाला फाशीपासून वाचवायचे असेल, तर शपथेवर खोटे बोलावे काय? हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. आपल्या धर्मग्रामांतील किती घरांना तो या ना त्या रूपात भेटलेला आहे, हे ज्याचे त्याला ठाऊक.

कादंबरीचे नाव कोणाला प्रेमकथेचे वाटेल. ते एका तुरुंगाचे नाव आहे. एडिंबरो शहराच्या मध्यावर, सेंट जाइल्सच्या मंदिराला खेटून, टोलबूथ नावाची जुनी, कोंदट इमारत होती. मिडलोथियन परगण्याचे हृदय, असे लोक तिला उपहासाने म्हणत. 1817 साली ती पाडली गेली. स्कॉटने तिचा दरवाजा विकत न मिळता केवळ मागून घेतला आणि अ‍ॅबट्सफर्डच्या आपल्या घराला बसवला; तो आजही तेथे आहे. जेथे तुरुंग होता त्या रस्त्यावर आता फरसबंदीच्या दगडांत हृदयाची आकृती बसवलेली असून, जाणारेयेणारे एडिंबरोकर तिच्यावर थुंकतात. प्रवाशांना ती शुभशकुनाची गंमत वाटते. मुळात ती तुरुंगाविषयीची शिसारी होती.

कथेची सुरुवात एका खऱ्या दंगलीने होते. 1736 च्या एप्रिलमध्ये अँड्र्यू विल्सन या चोरट्या व्यापाऱ्याला ग्रासमार्केटच्या चौकात फाशी देण्यात आले. जमाव बिथरला, नगररक्षकांचा कॅप्टन जॉन पोर्टियस याच्या तुकडीने गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. पोर्टियसला देहान्ताची शिक्षा झाली, पण राजा परदेशी असताना कारभार पाहणाऱ्या राणी कॅरोलाइनने ती तहकूब केली. तेव्हा 7 सप्टेंबरच्या रात्री जमावाने टोलबूथचे दार जाळले, पोर्टियसला बाहेर ओढले आणि त्याच चौकात लटकावले. त्या रात्री तुरुंगाची दारे सताड उघडी होती. बहुतेक कैदी पळाले. स्कॉटची कल्पित एफी डीन्स मात्र पळाली नाही. जमावात वेष पालटून आलेला तिचा प्रियकर तिला ‘पळ’ म्हणून विनवीत होता. अब्रू गेल्यावर जीव घेऊन कोठे जायचे, असे तिच्या मनात होते.

एफीवर आरोप होता आपल्या तान्ह्या बाळाच्या खुनाचा. पुरावा काय? प्रेत नव्हते, शस्त्र नव्हते, साक्षीदार नव्हता. पुरावा कायद्यातच होता. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने 1690 साली असा कायदा केला होता की, एखाद्या स्त्रीने आपले गर्भारपण लपवले, बाळंतपणात कोणाची मदत मागितली नाही आणि मूल मेलेले आढळले किंवा आढळलेच नाही, तर तिने ते मारले असे गृहीत धरावे. आरोप सिद्ध करण्याचा भार सरकारवर नाही. लपवणे हाच खून. यातून सुटण्याची एकच फट होती. आपण गरोदर आहोत हे तिने कोणा एका माणसाला तरी सांगितले होते, असे शाबीत झाले की या कायद्याखालचा खटला कोसळत असे. हा कायदा 1809 मध्ये रद्द होऊन त्याजागी सौम्य शिक्षा आली. म्हणजे स्कॉटचे वाचक तो अजून विसरले नव्हते.

ही दिवस लपवण्याची वेळ मुलींवर का येई? स्कॉटलंडच्या सुधारणावादी चर्चमध्ये अशा स्त्रीला रविवारी सर्व मंडळीसमोर पश्चात्तापाच्या चौरंगावर बसवीत आणि उपदेशक तिच्या पापाचा उच्चार करीत. त्या चौरंगाच्या भीतीनेच मुली गप्प राहतात, हे त्या काळीही बोलले जात असे. आपण कॅथलिकांनी यावर फार फुशारकी मिरवण्याचे कारण नाही. पापनिवेदनाच्या जाळीआड गुप्ततेची हमी असली, तरी घराच्या ओटीवर आणि विहिरीच्या काठावर आपणही तसले चौरंग मांडलेले आहेतच.

आणि हे फक्त परदेशातले नव्हे. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते नेमके याच दुखण्यावर. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे आणि मूल तेथे ठेवून जावे. 1881 साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अशाच गुन्ह्यासाठी प्रथम फाशीची शिक्षा झाली आणि पुढे ती कमी करण्यात आली. वृत्तपत्रांतून बायकांच्या अनीतीवर जी तोंडे सुटली, त्यांना उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. फुल्यांचे गृह म्हणजे काय, तर जिला सांगता येईल असे एक माणूस. एफीच्या कायद्याला हवे होते तेवढेच.

एफीजवळ असे माणूस होते. तिची थोरली बहीण जीनी. दोघी सावत्र, बाप एक, आया दोन. जीनी साधी, रूपाने बेताची, कामाला वाघ. एफी देखणी, लाडावलेली, शहरात एका खोगीरवाल्याच्या दुकानी कामाला राहिलेली. एफी सुटीसाठी घरी आली तेव्हा जीनीने तिचा उतरलेला चेहरा पाहिला, काय झाले म्हणून विचारले. एफी रडली, पण बोलली नाही. ही एवढी एक न झालेली कबुली, आणि तिच्यावर सारी कादंबरी उभी आहे.

एका रात्री एफीचा प्रियकर जीनीला शहराबाहेरच्या एका दगडांच्या राशीपाशी बोलावतो. खटल्यात तुझी साक्ष होणार आहे, तो म्हणतो; ‘एफीने मला सांगितले होते’ एवढेच म्हण. दोन शब्दांचे काम. जीनी नाही म्हणते. तो विनवतो, पिस्तूल दाखवतो. ती नाहीच म्हणते. घडले नाही ते देवाच्या नावाने घडले असे मी कसे सांगू?

यानंतर बापलेकीचा जो प्रसंग येतो, त्याला आमच्या मते इंग्रजी कादंबरीत तोड नाही. डेव्हिड डीन्स हा अतिकर्मठ पंथाचा म्हातारा. जे सरकार आपल्या पंथाचा करार मानीत नाही, त्याच्या न्यायालयात पाऊल टाकणे, शपथ घेणे हे पाप की पुण्य, या विवंचनेत तो आहे. धाकट्या मुलीचे नाव घरात काढायचे नाही, असे आरंभी बजावणारा हा बाप रात्रभर जागून शेवटी जीनीला सांगतो की, तुझा विवेक सांगेल तसे कर. तू साक्षीला गेलीस तर मी तुला दोष देणार नाही. त्याला म्हणायचे असते, न्यायालयात जाण्याविषयी. जीनीला वाटते, बाप खोटे बोलायला मुभा देतो आहे. तिला धरणी फाटल्यासारखे होते. दोघेही एकमेकांवर जीव टाकणारी, दोघेही सत्यवादी. आणि दोघेही एकाच वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतात. धर्मनिष्ठ घरांत असे घडते. आपण वडीलधारी माणसे सूचक बोलतो आणि मुले त्याचा भलताच अर्थ घेऊन झुरत राहतात.

मग न्यायालय. पिंजऱ्यात एफी, समोर जीनी. वकील विचारतो: तुझ्या बहिणीने आपल्या अवस्थेविषयी तुला काय सांगितले? सारे सभागृह श्वास रोखून आहे. न्यायाधीशांनासुद्धा ती ‘हो’ म्हणावी असे वाटते आहे. जीनी सांगते की तिने मला काहीच सांगितले नाही. म्हातारा बाप जमिनीवर कोसळतो. एफीला फाशीची शिक्षा होते.

बहुतेक वाचक येथे जीनीवर रागावतात. आम्हीही हे पुस्तक ज्या ज्या मित्रांना वाचायला दिले, त्यांतील निम्म्यांनी ते येथेच मिटवून जीनीची निर्भर्त्सना केली. इतका कोरडा धर्म काय कामाचा, असा त्यांचा सवाल. त्यांना आम्ही संत ऑगस्टीनने सांगितलेली एक हकीकत ऐकवतो. सुमारे 395 साली लिहिलेल्या, असत्याविषयीच्या आपल्या ग्रंथात ऑगस्टीन ताकास्ते या आपल्या जन्मगावच्या फिर्मस नावाच्या बिशपांविषयी सांगतो. त्यांनी आश्रयाला आलेल्या एका माणसाला लपवून ठेवले होते. सम्राटाचे शिपाई आले, तेव्हा बिशप म्हणाले की मी खोटेही बोलणार नाही आणि त्या माणसाला धरूनही देणार नाही. त्यांचा छळ झाला; त्यांनी दोन्हींपैकी काहीच केले नाही. अखेर त्यांना सम्राटापुढे उभे केले, तेव्हा सम्राट त्यांच्यावर इतका प्रसन्न झाला की, लपवलेल्या माणसालाच त्यांनी क्षमा मिळवून दिली. या हकिकतीत ध्यानात घ्यायचे ते असे की फिर्मस नुसते ‘खोटे बोलणार नाही’ म्हणून घरी स्वस्थ बसले नाहीत. सत्याची किंमत त्यांनी आश्रिताच्या अंगावर लादली नाही, स्वतःच्या अंगावर घेतली. स्कॉटला ही गोष्ट ठाऊक होती की नव्हती, याला महत्त्व नाही. जीनीचे पुढले सारे चरित्र या दोन टोकांमध्ये बसते.

कारण शिक्षा होताच जीनी निघते. बहीण मरणार नाही, मी लंडनला जाऊन राजाराणीच्या पायांवर पडेन, असे ती तुरुंगात एफीला सांगते. एफीचाही सारा राग वितळतो. अंतर सुमारे चारशे मैल. हाताशी थोडे पैसे आणि तिच्याशी लग्न ठरलेल्या गरीब मास्तराचे, रूबेन बटलरचे, एक पत्र. बटलरच्या आजोबांनी कधीकाळी अर्गाइलच्या ड्यूक घराण्यावर उपकार केला होता, त्याची ती आठवण. स्कॉटलंडात ती अनवाणी चालते, पायातले जोडे हातात धरून. सीमा ओलांडल्यावर इंग्रज हसतात म्हणून ते पायांत घालते. वाटेत लुटारू भेटतात. शेवटच्या टप्प्यात गाडीतली जागा मिळते, पण बहुतेक वाट ती पायीच तुडवते.

मध्येच तिला एफीचा प्रियकर पुन्हा गाठ पडतो. त्याचे खरे नाव जॉर्ज स्टाँटन. घरंदाज, एका धर्मोपदेशकाचा मुलगा, आणि पोर्टियसच्या दंगलीचा म्होरक्या. पोर्टियसच्या मृत्यूने राणी संतापलेली आहे. माझे नाव राणीला सांग आणि बदल्यात बहिणीचा जीव माग, असे तो स्वतः जीनीला सुचवतो. राणीसमोर उभी राहिल्यावर जीनी ते नाव वापरीत नाही. खोटे बोलली नाही, आणि धरूनही दिले नाही. फिर्मस बिशपांचीच ही दोन वाक्ये.

ड्यूक तिला रिचमंडच्या बागेत राणी कॅरोलाइनपुढे नेतो. या प्रसंगात स्कॉटची विनोदबुद्धी फार गोड आहे. राणीच्या बाजूला लेडी सफोक उभी असते. राजाची ती मर्जीतली स्त्री, हे सर्व दरबाराला ठाऊक, जीनीला नाही. पश्चात्तापाचा चौरंग कोणासाठी, असे राणीने विचारताच भोळी जीनी तो चंचल वागणाऱ्या बायकांसाठी असल्याचे सरळपणे सांगून टाकते. लेडी सफोकचा चेहरा लाल होतो, ड्यूक मनात कपाळाला हात लावतो, आणि राणी मनापासून खूश होते. त्यानंतर जीनी जे बोलते त्यात युक्तिवाद नाही. मरणाची घटका प्रत्येकाला येणार आहे, तुम्हांलाही. त्या घटकेला स्वतःसाठी केलेले नव्हे, दुसऱ्यासाठी केलेले तेवढे आठवून बरे वाटते, असा तिच्या म्हणण्याचा आशय. राणी तिला सुईदोऱ्याची एक पेटी देते. एफीला क्षमा मिळते, पण चौदा वर्षे स्कॉटलंडबाहेर राहण्याच्या अटीवर.

येथे पुस्तक संपले असते तर ती एक बोधकथा झाली असती. स्कॉटने ते लांबवले. समीक्षकांनी याबद्दल त्याला बरेच झोडपले आहे. आम्हांला मात्र तो लांबलेला भाग मोलाचा वाटतो. एफी स्टाँटनशी लग्न करून लेडी स्टाँटन होते, मोठ्या घरांत मिरवते आणि आपला भूतकाळ उघडा पडेल या भयाने प्रत्येक दिवस काढते. जीनी बटलरशी लग्न करून खेड्यातल्या पाळकाच्या घरात भाकऱ्या थापते. एफीचे मूल मेलेले नव्हतेच. एका सूडबुद्धीच्या म्हातारीने ते पळवले होते. ते दरोडेखोरांत वाढले, आणि शेवटी त्याच्याच टोळीच्या हल्ल्यात त्याच्या हातून, नकळत, त्याचा बाप स्टाँटन मारला गेला. पकडलेल्या या पोराचे हात दोऱ्यांनी करकचून बांधलेले होते. जीनी त्याला पाहायला गेली आणि तिने त्या दोऱ्या सैल केल्या. तो पळाला. बहिणीसाठी खोटा शब्द न उच्चारणारी ही बाई बहिणीच्या मुलाच्या दुखऱ्या मनगटांपुढे विरघळली, यावर स्कॉट काही भाष्य करीत नाही.

आणि एफी? विधवा झाल्यावर ती युरोपातील ज्या मठात पूर्वी राहून शिकली होती, तेथे परतली. तिने व्रतस्थेचा पोशाख स्वीकारला नाही, पण कॅथलिक होऊन, उपासतापास आणि प्रार्थना करीत, एकांतात तिने शेवट गाठला. कर्मठ बापाची लेक म्हणून जीनीला या धर्मांतराचे फार दुःख झाले, असे स्कॉट लिहितो. स्कॉट स्वतः प्रॉटेस्टंट. कॅथलिक आचारांविषयी त्याच्या मनात अढी होती आणि ती येथेही लपत नाही. तरीही, जिला सांगायला आयुष्यभर कोणी मिळाले नाही, त्या एफीला त्याने अखेर जेथे पाठवले ती जागा कॅथलिक वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही.

जीनी चालली त्यानंतर चाळीसेक वर्षांनी शहर बदलले. लंडन अफाट वाढले, आगगाड्या आल्या, आणि गुन्हा जमावातून उठून बंद दारांआड, विवाहाच्या करारनाम्यात आणि वेड्यांच्या इस्पितळात जाऊन बसला. विल्की कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’ डिकन्सच्या साप्ताहिकात नोव्हेंबर 1859 पासून ऑगस्ट 1860 पर्यंत क्रमशः छापली गेली. येथेही दोघी सावत्र बहिणीच: आई एक, बाप दोन. लॉरा श्रीमंत आणि नाजूक. मॅरियन निर्धन, कुरूप, आणि दोघींच्या वाटणीची बुद्धी घेऊन आलेली. लॉराचा नवरा आणि त्याचा स्नेही काउंट फॉस्को यांनी कट रचला. लॉराशी चेहऱ्याने मिळतीजुळती, खंगलेली एक मुलगी, अ‍ॅन, हिला लॉरा म्हणून पुरले आणि जिवंत लॉराला अ‍ॅन म्हणून वेड्यांच्या इस्पितळात टाकले. पत्नी मेली की तिचा पैसा पतीला मिळणार होता. विवाहित स्त्रीला आपल्या मालमत्तेवर हक्क देणारे इंग्लंडमधले कायदे 1870 आणि 1882 चे. लॉराच्या वेळी ते नव्हते.

सख्ख्या चुलत्यानेसुद्धा तिला ओळखले नाही. ओळखले ते मॅरियनने, इस्पितळाच्या आवारात, एका दृष्टिक्षेपात. तत्पूर्वी एका रात्री हीच मॅरियन पावसात छपरावर दबा धरून कारस्थान्यांचे बोलणे ऐकते आणि तापाने मरता मरता वाचते. ते वाचताना आम्हांला निर्गमाच्या पुस्तकातली ती बहीण आठवते. नदीच्या लव्हाळ्यात ठेवलेल्या तान्ह्या मोशेवर दुरून नजर ठेवणारी. मॅरियन दाईला आपल्या साठवणीतला मोठा भाग देऊन लॉराला सोडवते आणि लंडनच्या गरीब वस्तीत, खोट्या नावाने, भांडीकुंडी घासत तिला लपवून ठेवते.

म्हणजे मॅरियन लाच देते, खोटे नाव सांगते. जीनीने हे केले असते काय? आम्हांला वाटते, खोटे नाव सांगताना तिचा जीव अडला असता. पण दोघींत एक भेद आहे. जीनीला देवाच्या नावाने साक्ष द्यायची होती. मॅरियनच्या जगात सारे शपथपूर्वक दस्तऐवज, मृत्यूचा दाखला आणि थडग्यावरचे नावसुद्धा, आधीच खोटे होते. सत्य उरले होते ते फक्त एका बहिणीच्या ओळखीत. नीतिशास्त्राचे अभ्यासक याची उकल आमच्याहून चांगली करतील. कॉलिन्सने पुढे आणखी एक पीळ दिला आहे. मेलेली अ‍ॅन ही लॉराच्या बापाची अनौरस मुलगी निघते. लॉराला दोन सावत्र बहिणी. एकीने तिला वाचवले, दुसरी तिच्या नावाने मेली. 

याच्या पुढच्या पिढीत एडिंबरोचाच एक मुलगा येतो. आर्थर कॉनन डॉयलचा जन्म 1859 चा. बाप्तिस्मा कॅथलिक, शिक्षण स्टोनिहर्स्टला जेझुइटांकडे. श्रद्धा मात्र त्याने तरुणपणीच सोडली. 1892 च्या ‘द स्पेकल्ड बँड’ या कथेत हेलन स्टोनर पहाटेची गाडी पकडून बेकर स्ट्रीटवर येते. तिची जुळी बहीण ज्युलिया लग्नाच्या तोंडावर गूढ रीतीने, तिच्याच मिठीत मेली. आता हेलनचे लग्न ठरले आहे, आणि ज्युलियाच्याच खोलीत तिला तीच शीळ ऐकू आली आहे. चौकशीत काही निष्पन्न झाले नव्हते. बहिणीचे अखेरचे शब्द लक्षात ठेवणारी एकटी हेलन.

पण जीनी चारशे मैल चालली; हेलन होम्ससमोरच्या खुर्चीपर्यंत येते, आणि तेथून पुढची वाट गुप्तहेर चालतो. बहिणीची जागा व्यवसायाने घेतली. या कथेत आम्हांला थांबवतो तो सापाचा उलगडा नव्हे, वेगळाच एक क्षण. होम्स तिच्या बाहीची झालर मागे सारतो, तर मनगटावर चार बोटांचे आणि अंगठ्याचे निळे वळ. सावत्र बापाने हात पिरगळला होता. हेलन लाजते, त्यांना आपल्या शक्तीचा अंदाज नसेल, असे काहीतरी पुटपुटते. बहिणीचा खुनी ज्याच्यावर संशय घ्यावा असा तो माणूस, आणि तरीही घरचा म्हणून त्याच्यावर पांघरूण! कुटुंबनिष्ठेचे हेही एक रूप आहे आणि आपल्या घरांत ते जीनीच्या रूपाहून अधिक आढळते, असे म्हटल्यास कोणी रागावू नये.

निष्ठा मुळातच तुटली असेल तर काय, हे चेस्टरटनने दाखवले. तो 1922 साली कॅथलिक झाला, पण त्याचा फादर ब्राउन त्याआधीच, 1911 च्या पहिल्या संग्रहातून, लोकांच्या घरांत पोहोचला होता. त्यातील ‘द आय ऑफ अपोलो’ या कथेत वेस्टमिन्स्टरच्या एका उंच इमारतीत पॉलीन आणि जोन स्टेसी या बहिणींचे टंकलेखनाचे कार्यालय आहे. पॉलीन श्रीमंत, मानी. चष्मा म्हणजे दुबळेपणा, असे म्हणून तिने बहिणीचा चष्मा पायाखाली चिरडलेला. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहायला शिकवणाऱ्या एका भोंदू पुरोहिताच्या नादाने ती हळूहळू आंधळी होते आणि रिकाम्या लिफ्टच्या खड्ड्यात पडून मरते. खून भोंदूचा, हे फादर ब्राउन ओळखतात. पण येथे गुन्हे दोन झाले, असेही म्हणतात. आंधळी पॉलीन आपली संपत्ती त्या भोंदूच्या नावे लिहीत होती. जोनने तिच्या लेखणीत शाई पुरेशी भरलीच नव्हती. काही ओळींनंतर शाई संपली, आंधळीला ते कळले नाही, आणि मृत्युपत्र अपुरे राहिले. पैसा जोनला मिळणार. जोनने कोणाला मारले नाही. बहीण कोऱ्या कागदावर लिहीत राहिली, एवढेच तिने होऊ दिले.

आता राहिली खरी जीनी. स्कॉटने तिला कल्पनेतून निर्माण केलेले नाही. डम्फ्रीजजवळच्या आयरनग्रे या गावी हेलन वॉकर नावाची गरीब मुलगी होती. तिच्या बहिणीवर, इझोबेलवर, 1738 साली डम्फ्रीजच्या न्यायालयात याच कायद्याखाली खटला चालला. हेलनने शपथेवर खोटे बोलण्यास नकार दिला, बहिणीला शिक्षा झाली, आणि हेलन लंडनला चालत गेली. साध्या गावठी पोशाखात ती ड्यूक ऑफ अर्गाइलपुढे उभी राहिली आणि क्षमापत्र घेऊन परतली. कादंबरीत स्कॉटने हा खटला डम्फ्रीजहून उचलून एडिंबरोला नेला. शहर हवे होते त्याला. तुरुंग, जमाव, वकिलांची गर्दी, आणि त्या गर्दीत एकट्या उभ्या राहिलेल्या दोन बहिणी. राणी, सुईची पेटी आणि दंगल ही त्याची भर.

इझोबेलने पुढे तिला फसवणाऱ्या माणसाशीच लग्न केले. हेलन अविवाहित राहिली; कोंबड्या पाळून आणि मोज्यांचे तळवे विणून पोट भरीत राहिली. गोल्डी नावाच्या एका वकिलाच्या पत्नीला ती म्हातारपणी भेटली. तिचे बोलणेचालणे पाहून त्या बाईंना कुतूहल वाटले, पण बहिणीचा विषय निघाला की हेलन तो टाळीत असे. सविस्तर हकीकत तिच्याच तोंडून ऐकावी म्हणून त्या पुन्हा गेल्या, तोवर ती वारली होती. ते वर्ष 1791. गोल्डीबाईंनी नाव न घालता सारे स्कॉटला लिहून कळवले. 1830 मध्ये स्कॉटने नव्या प्रस्तावनेत हे ऋण मान्य केले आणि 1831 साली, स्वतः मरणाच्या उंबरठ्यावर असताना, आयरनग्रेच्या दफनभूमीत तिच्यासाठी एक शिळा उभारून तिच्यावरचा मजकूर आपल्या हाताने लिहिला. त्याआधीची चाळीस वर्षे त्या जागेवर काहीच लिहिलेले नव्हते.